दर कंपनीमागे पाण्याचा एक ट्रेलर

अहो,

सतरा दिवस मी रीतसर शोक केला. आज मला तुमचा राग आला आहे, आणि तो मी मुद्देसूद लिहून काढणार आहे. तोंडी भांडणात तुम्ही "संध्याकाळी बोलू" म्हणून निसटायचात. ह्या वेळी तर तुम्ही संध्याकाळच ठेवली नाहीत.

कार्बन घालून तीन प्रती काढते आहे. पहिली मीराला, दुसरी रोहनला. आपली ही दोन नातवंडं तिकडे बॉथेलला, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मी इकडे पार्सिपनीत आपल्या नीलाच्या घरी. रविवारच्या फोनवर हे सगळं सांगून होणार नाही. मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांचे बाबा, आपला श्री, वाचून दाखवतील. (श्री, वाचताना माझे रागाचे शब्द गाळायचे नाहीत. आजी आजोबांशी कशी बोलायची ते मुलांना कळू दे.) तिसरी प्रत तुमच्या फाइलमध्ये राहील. तुमचं सगळं इंग्रजी मी दोन वर्षं टाइप केलं. हे मात्र मराठीत आणि हाताने, कारण आपण भांडलो ते नेहमी मराठीतच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन प्रकाशकाचं जाड पाकीट दारात ठेवून गेला. नीला ऑफिसात होती. मी भाजी चिरायच्या सुरीनेच ते फोडलं. आत तुमच्या पुस्तकाची प्रुफं. मुखपृष्ठावर चिखल उडवत येणारी चिलखती गाडी, तीवर मोठ्या अक्षरांत 'आधुनिक युरोपीय इन्फन्ट्री ब्रिगेड : रचना आणि साधनसामग्री', आणि खाली तुमचं नाव. त्याच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, माझं नाव.

मला वाटलं छापणाऱ्याची चूक आहे. टाइप करणाऱ्या बाईचं नाव कोणी मुखपृष्ठावर छापतं का?

मग अनुक्रमणिका पाहिली. भाग पहिला, पायदळाच्या तीन बटालियन. भाग दुसरा, रणगाडे आणि तोफा. भाग तिसरा, इंजिनिअर, सिग्नल, टेहळणी. त्यापुढे एकदम सूची. मी तीनदा पानं उलटली. चिकटलेली असतील म्हणून नखाने सोडवून पाहिली. भाग चौथा नव्हता. स्वयंपाकाच्या गाड्या नाहीत, पाण्याचे ट्रेलर नाहीत, अँब्युलन्स नाहीत. तुम्ही आयुष्यभर जे केलंत ते सगळं गायब, आणि त्या जागी माझं नाव.

मुलांसाठी थोडं मागून सांगायला हवं.

पार्सिपनीला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात तुमच्या हाताला काम नव्हतं. सैन्यात तुम्ही सप्लायमध्ये होतात. पस्तीस वर्षं फौजेला पीठ, पाणी, पेट्रोल पोचवलंत. पायदळातले तुम्हाला मागून 'किराणावाले' म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते हसण्यावारी न्यायचात. मला त्याचाही राग यायचा. तर ह्या किराणावाल्याने न्यू जर्सीत येऊन काय करावं? नीलाचं फ्रीजर लावलं. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, दारावर यादी. नीला ऑफिसातून आली आणि ओरडली, "आई, बाबांनी माझं फ्रीजर कॅप्चर केलंय! मटार काढायला सही मागतायत!"

"सही नको, पण नोंद हवी," तुम्ही म्हणालात. "आणि त्या खालच्या पिशवीला हात लावायचा नाही. ती राखीव."

"राखीव कशाला, बाबा? सुपरमार्केट पाच मिनिटांवर आहे."

"राखीव साठा आपल्यासाठी नसतो. आपण नसू तेव्हा कोणाच्या तरी हाताला लागावा म्हणून असतो."

नीलाने तुम्हाला गाडीत घातलं आणि लायब्ररीत सोडलं. तिथे तुम्हाला ती पुस्तिका सापडली. ह्या देशात मोठी, कमावती माणसं सुट्टीच्या दिवशी टेबलावर नकाशा पसरून पुठ्ठ्याच्या सोंगट्यांनी युद्ध खेळतात. त्यांच्यासाठी युरोपातल्या फौजांची माहिती देणारी ती पुस्तिका. तुम्ही ती घरी आणलीत आणि जेवताना ताटाशेजारी आपटलीत. "हे बघ! ही ब्रिगेड पहिल्या दिवशी ऐंशी मैल जाते म्हणे. दुसऱ्या दिवशी पेट्रोल कुठून येतं ते लिहिलेलंच नाही! देवाकडून?"

चार पानांचं पत्र तुम्ही सांगितलंत, मी टाइप केलं. त्यातले सात 'ऑल्सो' मी काढून टाकले. एम्.ए. करून मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं ते अगदीच वाया गेलं नाही. महिन्याने उत्तर आलं. तिथले संपादक, हॅरल्ड, लिहितात की मेजर, तुम्हाला एवढं माहीत आहे तर पुस्तक तुम्हीच लिहा.

ते दिवस तुमचे फार चांगले गेले. वकिलातींना पत्रं लिहून छापील माहिती मागवायची, लष्करी मासिकं चाळायची, तक्ते आखायचे. त्या वर्षी टीव्हीवर रोज युरोपातल्या क्षेपणास्त्रांचा वाद चालायचा. तुम्ही आवाज बंद करायचात. "क्षेपणास्त्रं राहू देत. खंदकातल्या माणसाला सकाळी चहा कोण देणार ते सांगा."

मग उन्हाळ्यात मुलं आली. विमानात एकटीच बसून, गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून. मीरा दहाची, रोहन आठाचा. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातले डबे न विचारता उचललेत आणि बैठकीच्या खोलीतल्या कार्पेटवर ब्रिगेड मांडलीत. मुलांनो, आठवतं ना? एक राजमा म्हणजे एक प्लॅटून, तीसेक माणसं. तीन राजम्यांची एक कंपनी. चार कंपन्यांची बटालियन. अशा तीन बटालियन. एकीला पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाड्या, दोघींना चाकांच्या. हरभरे म्हणजे रणगाडे. लवंगा म्हणजे तोफा, डोकं पुढे, शत्रूकडे. काळे मिरे म्हणजे रणगाडे फोडणारी क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या गाड्या. नदीवर पूल टाकणारे इंजिनिअर म्हणजे बदाम. आणि सगळ्यांच्या मधोमध ब्रिगेडिअर म्हणून एक अख्खी सुपारी.

"आय गेट द गन्स!" रोहन लवंगांवर पालथा पडला.

"हळू! सरावात तोफ मोडली तर चौकशी बसते."

मी दारातून म्हटलं, "मला मसालेभाताला चार तोफा हव्या आहेत."

"अगं, लढाई चालू आहे!"

"मग जेवू नका."

आणि तेव्हा मीरा, गुडघ्यांवर हनुवटी टेकून इतका वेळ नुसती बघत बसलेली, म्हणाली, "आजोबा, हू मेक्स देअर लंच?"

तुमच्या हातात सुपारी होती. ती तुम्ही खाली ठेवलीत. मला हाक मारलीत, "अगं, ऐकलंस? पस्तीस वर्षांत एकाही ब्रिगेडिअरने मला हा प्रश्न विचारला नाही!"

मग उरलेले डबे उघडले. चिंचोके म्हणजे स्वयंपाकाच्या गाड्या. साबुदाणा म्हणजे पाण्याचे ट्रेलर, ट्रकमागे ओढायच्या टाक्या, दर कंपनीमागे एक. वेलदोडे म्हणजे अँब्युलन्स. पेट्रोलचे टँकर, बंद पडलेला रणगाडा ओढून आणणारी गाडी, टपाल, धुलाई. राजम्यांच्या मागे हे सगळं सोफ्याखालपर्यंत पसरलं. हे सगळं तुम्ही मीराच्या हुकमाखाली दिलंत. रोहन चिडला. "दॅट्स नॉट फेअर! शी हॅज मोअर!"

"बिकॉज एव्हरीबडी ईट्स, डंबो," मीरा म्हणाली.

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. मग तुम्ही तिला इंग्रजीत, अगदी शब्द तोलून सांगितलंत, की पुस्तकाचे तीन भाग ठरले होते, आता चौथा होणार, आणि तो तुझा. प्रॉमिस. तिने करंगळी पुढे केली. तुम्हाला त्या पद्धतीचा अर्थ कळला नाही, मी सांगितला, आणि मग माझ्या मेजरनी करंगळीत करंगळी अडकवली.

तो चौथा भाग तुम्ही शिशिरात लिहिलात. अकरा पानं. मी अनेकांचं इंग्रजी तपासलं आहे आणि तुमच्या इंग्रजीबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या अकरा पानांत मला फक्त दोन 'ऑल्सो' खोडावे लागले. जखमी माणूस कंपनीतून बटालियनच्या मदतकेंद्रात, तिथून ब्रिगेडच्या वैद्यकीय कंपनीत कसा जातो, वाटेत त्याची बंदूक कोण घेतं, त्याचं टपाल त्याच्यामागून कसं फिरतं, हे तुम्ही असं लिहिलंत की मी टाइप करता करता थांबले. तुम्ही विचारलंत, "काय झालं? चुकलं का?" मी म्हटलं, "रिबन संपत आली आहे." रिबन नवी होती. हे तुम्हाला आज सांगते.

तर तो भाग गेला. मी हॅरल्डना फोन लावला.

ते मला 'मिसेस मेजर' म्हणतात. आधी त्यांनी दुखवटा व्यक्त केला. मी आभार मानले आणि म्हटलं, "भाग चौथा कुठे आहे?"

मग ते म्हणाले, "मेजरनी तुम्हाला सांगितलं नाही?"

अहो, एवढ्या वर्षांच्या संसारात परक्या माणसाकडून हे वाक्य ऐकायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

हॅरल्ड म्हणाले, मालकांना पुस्तक जाड नको. खेळणाऱ्यांना तोफांचे पल्ले हवेत, स्वयंपाकघर कोणी खेळत नाही. "मेजरना दोन गोष्टी हव्या होत्या. तो भाग, आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव. मी म्हटलं, मालकांशी मी एकाच गोष्टीसाठी भांडू शकेन, एक निवडा. त्यांनी नाव निवडलं."

"मी टायपिस्ट आहे," मी म्हटलं.

"मीही तेच म्हणालो. ते रागावले. म्हणाले, ती टायपिस्ट नाही, ती माझी ब्रिगेड मेजर आहे."

मुलांनो, ब्रिगेड मेजर म्हणजे ब्रिगेडिअरच्या हाताखालचा अधिकारी. सगळे हुकूम तो लिहितो, सगळ्या चुका तो निस्तरतो, आणि पदक ब्रिगेडिअरला मिळतं. आजोबा मला गमतीने तसं म्हणायचे, विशेषतः मी चिडले की. मला ती गंमत कधी आवडली नाही. फोन ठेवल्यावर मी ती आवडली नाही म्हणूनच रडले, असं नीलाला सांगितलं.

फाइलमध्ये तुमच्या संमतिपत्राची प्रत सापडली. तुम्ही जायच्या महिनाभर आधीची. स्वतः दोन बोटांनी टाइप केलेली, तीन चुका आणि एक 'ऑल्सो'. माझ्यापासून लपवायचं म्हणून तुम्ही माझ्याच टाइपरायटरवर, मी नीलाबरोबर बाजारात गेले असताना, हे केलंत!

कोणी मागितलं होतं नाव? मी कधी म्हटलं होतं? शाळेतल्या माझ्या हजेरीपटावरसुद्धा नाव नीट लिहिलं की नाही ते मी पाहिलेलं नाही. आणि जे द्यायचं ते स्वतःच्या खिशातलं द्यावं माणसाने. चौथा भाग तुमचा नव्हता. तो एका दहा वर्षांच्या मुलीला करंगळी देऊन कबूल केलेला होता. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं नाहीत. ह्याला तुम्ही काय म्हणाल मला माहीत नाही. मी ह्याला लबाडी म्हणते.

आणि मला राग ह्याहून मोठ्या गोष्टीचा आहे. महिनाभर तुम्हाला ठाऊक होतं की तो भाग छापला जाणार नाही. तरी रोज सकाळी तुम्ही ती पानं टोस्टशेजारी घेऊन बसायचात आणि माझ्याशी पाण्याच्या ट्रेलरवरून वाद घालायचात, जसं काही उद्या छापखान्यात जायचं आहे.

तो वाद असा. तुमच्या तक्त्यात होतं, दर कंपनीमागे पाण्याचा एक ट्रेलर. मी टाइप करतानाच म्हटलं होतं, एक पुरणार नाही. तुम्ही म्हणायचात, त्या सैन्याच्या तक्त्यात एकच आहे. मी म्हणायचे, तक्त्यात असेल, पण पुरणार नाही. तुम्ही म्हणायचात, तुला काय ठाऊक? आणि मी गप्प बसायचे. मला ठाऊक होतं, चांगलंच ठाऊक होतं. आपण त्याबद्दल कधी बोललो नव्हतो, इतकंच.

नीला दहा महिन्यांची होती. वाळवंटाच्या कडेची ती छावणी, मे महिना, नळ कोरडे. युनिटकडे पाण्याचे दोन ट्रेलर. एक सरावाला गेलेल्या कंपनीसाठी, एक आम्हा कुटुंबांच्या क्वार्टर्ससाठी. सकाळी बायका बादल्या लावून उभ्या राहिल्या आणि ट्रेलर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही दोन्ही ट्रेलर कंपनीकडे पाठवले होतेत. नीलाला ताप होता. शेजारच्या सुभेदारणीने आपल्या माठातलं अर्धी बादली पाणी मला दिलं, तिची स्वतःची तीन मुलं असताना. त्या पाण्याच्या पट्ट्या मी नीलाच्या कपाळावर ठेवल्या आणि त्याच पट्ट्या पिळून पुन्हा वापरल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. दारातच विचारलंत, "सगळं ठीक?"

मी म्हटलं, "ठीक."

एवढंच. तीसएक वर्षं तेवढंच. तुम्ही वाईट अधिकारी नव्हतात. वाळवंटात माणसं तहानेने पडतात, मला कळतं. माणसं वाचवायलाच तुम्ही ट्रेलर नेलात. मला राग नेल्याचा नव्हता. मला राग तुमच्या त्या 'एक पुरतो'चा होता.

त्या शेवटच्या सकाळी मी ते बोलले. टोस्टला लोणी लावता लावता, आवाज न चढवता. म्हटलं, "एक पुरत होता तर त्या मे महिन्यात आमचा का नेलात?"

तुमचा कप हातातच राहिला. चहा कलंडला, पानांवर सांडला. मी मात्र लगेच पानांवरूनच ओरडले, कारण ते सोपं होतं. "पुन्हा टाइप करायला लावाल मला!" आणि फडकं आणायला आत गेले. परत आले तेव्हा तुम्ही पानं आवरून ठेवली होतीत. म्हणालात, "संध्याकाळी बोलू." लायब्ररीला जायचं म्हणून खुर्चीत बसून एक बूट घातलात. दुसरा तसाच राहिला.

आता प्रुफांबद्दल. पाकिटात एक संमतीचा कागद होता. तुमच्या नावासमोर कोणीतरी पेन्सिलीने 'दिवंगत' लिहिलं होतं. माझ्या नावासमोर सहीसाठी रेघ. दोन लेखकांपैकी एक गेला तर दुसऱ्याच्या सहीशिवाय पुस्तक छापता येत नाही. हॅरल्डनी विनवलं होतं, कृपया शुक्रवारपर्यंत पाठवा.

त्या रेघेकडे मी दोन दिवस बघत होते. मग काल फ्रीजरमधून मटार काढताना खालची पिशवी दिसली. तुमच्या अक्षरात 'राखीव'. नीलाने अजून चिठ्ठी काढलेली नाही.

अहो, हे तुम्ही ठरवून केलंत का? तुम्ही भांडला असतात तर हरला असतात, हे तुम्हाला दिसत होतं. म्हणून माझं नाव त्या मुखपृष्ठावर नेऊन ठेवलंत, तुम्ही नसताना हाताला लागावं म्हणून? की तुम्हाला नुसतं माझं नाव छापलेलं बघायचं होतं? दोन्हीपैकी काहीही असेल. सांगायला काय झालं होतं? मी काय परकी होते?

मी हॅरल्डना फोन केला. म्हटलं, "भाग चौथा नाही, तर सही नाही."

"मिसेस मेजर, मालक भडकतील."

"भडकू देत. माझं नाव काढून टाका, ती पानं घाला."

"नाव आता काढता येत नाही. करार झाला आहे."

"मग नावाच्या मालकिणीचं ऐकावं लागेल."

ते हसले असावेत. मग म्हणाले, "किती पानं आहेत ती?"

"अकरा."

"सहा करता येतील?"

"नाही."

"सात?"

"हॅरल्ड, मी तीस वर्षं मुलींचे निबंध आखूड केले आहेत. आठ. आणि त्यातला एकही माणूस उपाशी राहणार नाही."

आज दुपारी फोन आला. आठ पानांना मालक तयार झाले. कुरकुरत, पण तयार झाले. मीरा, आजोबांचा शब्द पुरा झाला, त्यांनी दिलेली करंगळी आता सुटली. रोहन, तुझ्या तोफांना हात लागलेला नाही.

म्हणून जेवणं झाल्यावर मी ती अकरा पानं आखूड करायला बसले. प्रथम धुलाई चार ओळींत आणली. टपाल ठेवलं. जखमी माणसाची बंदूक ठेवली. मग पाण्याच्या तक्त्यावर आले. ह्याच पानावर चहा सांडला होता, तपकिरी ओघळ अजून आहे. 'दर कंपनीमागे ट्रेलर' ह्या ओळीत मी टाइप केलेला १ होता. त्यावर तुमच्या कडक पेन्सिलीची एक आडवी रेघ, आणि शेजारी, बारीक, ओघळ चुकवून लिहिलेलं : २?

ओघळ चुकवून. म्हणजे चहा सांडल्यानंतर. म्हणजे मी फडकं आणायला आत होते तेव्हा.

हा भाग छापला जाणार नाही, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. ती पानं माझ्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं. मग तो दोन पुस्तकासाठी नव्हता. तो आकडा तुम्ही मला लिहिलात.

मी बराच वेळ काही आखूड केलं नाही. नीलाने येऊन खांद्यावर शाल टाकली, "आई, रडतेस का?" विचारलं. मी तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. चांगलं थंड होतं. ती म्हणाली, "व्हॉट आर यू डुइंग, आई? मला कुठे ताप आहे?" मी म्हटलं, "नाही ना? ठीक."

त्या सैन्याच्या तक्त्यात एकच ट्रेलर आहे. माहितीच्या पुस्तकात आपल्या मनाचं घालायचं नाही हा तुमचा नियम, आणि माझाही. म्हणून तुमचा दोन मी छापायला देणार नाही. एक तसाच ठेवला आहे. पण त्याच्या खाली एक टीप घातली आहे. पुस्तकातली ही दोनच वाक्यं माझी स्वतःची आहेत, त्यांखाली माझं नाव आहे, आणि त्यांत एकही 'ऑल्सो' नाही. दोन वर्षं तुमचं मत टाइप केलं, आता माझं.

टीप अशी : 'एका कंपनीला पाण्याचा एक ट्रेलर पुरत नाही. तो पुरतो असं दिसतं तेव्हा दुसरा कोणाचा तरी आणलेला असतो.'

शुक्रवारच्या टपालाने पाठवते आहे. बोला आता.